न विचारलेला प्रश्न

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आठ वर्षांची एक मुलगी होती. गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, आणि किडनीच्या आजाराची धास्ती घरोघर. त्यामुळे पोरीला लघवीला जळजळ होऊन हुडहुडी भरू लागली, तेव्हा आजीनं निदान करूनही टाकलं, "हे पान्याचंच दुखनं हाय."

घरात आरओच्या पाण्याचे कॅन आले. गोळ्यांनी ताप उतरे, काही दिवसांनी पुन्हा चढे. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. आई रागावे, पोर मान खाली घाली.

शेवटी तिला खामगावला नेलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज दिसली. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच लघवी उरली होती. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. ओटीपोटात डावीकडे टणक गोळे हाताला लागले.

"शी कधी झाली होती, बाळा?"

"तिचं पोट तं उलट सुटेल हाय जी," आजी मध्येच म्हणाली, "चड्डीले रोज डाग लागते."

बाईंनी पोरीकडेच पाहिलं. ती हळूच बोलली, "शाळेतल्या संडासात पानी नसते. दाराले कडी नाही. मी दाबून धरतो. पानीबी पीत नाही."

बाईंनी समजावून सांगितलं. दाबून धरलेला मळ साठतो, कडक होतो आणि पुढच्या मूत्राशयावर रेलतो. मग लघवी पूर्ण होत नाही. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि दाब वर मूत्रपिंडापर्यंत जातो. पातळ मळ कडक गोळ्यांच्या कडेनं झिरपतो, त्याचेच ते डाग. "खारं पाणी वाईटच, आजी. पण इथलं मूळ दुसरं आहे."

"पोटाच्या औषधानं किडनी कशी बरी होईन जी?"

"अमेरिकेत आयोवाला बद्धकोष्ठ असलेल्या २३४ मुलांवर अभ्यास झाला, १९९७ साली तो छापून आला. मूत्रमार्गात जन्मजात दोष नसलेल्या ज्या मुलांचं बद्धकोष्ठ गेलं, त्या सगळ्यांचं वारंवार होणारं इन्फेक्शन थांबलं."

आधी इन्फेक्शनचं औषध झालं, मग आतडं रिकामं केलं. मळ मऊ राहावा म्हणून रोज पावडर सुरू झाली, ती कित्येक महिने चालली. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून जेवण झालं की पाच-दहा मिनिटं संडासात बसायचं. दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, दिवसभर पाणी प्यायचं. बापानं शाळेत जाऊन दाराला कडी बसवली. गुरुजींनी संडासाशेजारी पाण्याचा ड्रम रोज भरून ठेवायची सोय केली.

पुढच्या सोनोग्राफीत सूज ओसरली होती. ताप पुन्हा आला नाही, अंथरूणही कोरडं राहू लागलं.

तात्पर्य : दुखणं दिसतं तिथेच त्याचं मूळ असतं असं नाही. पोट साफ होतं का, हे लेकराला न लाजता, न रागावता विचारावं. आणि उत्तर शाळेच्या संडासापर्यंत गेलं, तर आपणही तिथवर जावं.