निरुपयोगी होता, उपयोगी झाला

(वाचावयाचा शास्त्रभाग : फिलेमोनास पत्र, वचने १० ते १९)



पौलाच्या पत्रांत फिलेमोनास लिहिलेले पत्र सर्वांत लहान आहे. अध्याय एकच, आणि वचने अवघी पंचवीस. पौल बंदीत असताना फिलेमोनाचा अनेसिम नावाचा दास धन्यापासून दूर होऊन त्याजकडे आला आणि तेथे त्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवला. ग्रीक भाषेत अनेसिम ह्या नावाचा अर्थ 'उपयोगी' असा होतो. तोच अर्थ धरून पौल धन्यास कळवितो की, हा पूर्वी तुझ्या काही कामाचा नव्हता, परंतु आता तुझ्या व माझ्याही कामाचा झाला आहे. ह्या दोन स्थितींच्या मध्ये काय घडते, आणि त्याचा खर्च कोण सोसतो, ह्याचा आपण आज विचार करू.

प्रभूने आपले दृष्टांत खमीर, दिवा, जाळे अशा नित्याच्या वस्तूंवरून घेतले. आपणही आपल्या अंगणातील एक वस्तू घेऊ. नागपुराहून हिंगण्याच्या वाटेवर २०२० सालापासून मेट्रो धावू लागली आहे, आणि कारखान्यांच्या वसाहतीत कामास जाणारे पुष्कळ तरुण आता मोटारसायकलीवरून जातात. त्यांच्या वडिलांनी ज्या काळ्या, उंच, अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलीवर संसार ओढला, ती कोठे तरी गोठ्याच्या कुडास टेकून गंजत पडलेली दिसते. सायकली करणाऱ्यांचेही दिवस पालटले. १९५१ साली सोनीपत येथे उभी राहिलेली ॲटलास कंपनी घरोघर ठाऊक होती; तिच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी बंद पडले, आणि तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता!

अशा सायकलीकडे दोन प्रकारचे लोक पाहतात. भंगारवाला ती तराजूत घालतो, कारण त्यास त्यात केवळ लोखंडाचे वजन दिसते. दुसरा मनुष्य तिजकडे पाहतो तेव्हा त्यास फिरणारे चाक दिसते. पुण्यात कर्वेनगर भागी श्री. विक्रम पेंडसे ह्यांनी जुन्या सायकली वर्षानुवर्षे मिळवून, स्वच्छ व दुरुस्त करून जतन केल्या, आणि २०१७ साली त्यांचे संग्रहालय लोकांस खुले केले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांकरिता केलेली घडीची सायकलही त्यात आहे. वस्तू तीच, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे तिचे मोल ठरते. फिलेमोनास अनेसिम बुडीत खात्यातला दास दिसला असेल. पौलास तो भाऊ दिसला.

आता जो कोणी अशी सायकल घरी नीट करावयास बसतो, त्यास चार गोष्टी शिकाव्या लागतात.

पहिली गोष्ट गंजाची. गंज एका घावाने येत नाही. पाणी व हवा मिळून लोखंड हळूहळू खातात. गंजाचा पापुद्रा सुटला की खालचे ताजे लोखंड उघडे पडते, आणि त्यासही गंज चढतो. म्हणून गंजावर रंग फासणे व्यर्थ आहे. वरून चकचकीत दिसले तरी आतले खाणे चालूच राहते. प्रथम तेल घालावे, थांबावे, मग घासून मूळ धातूपर्यंत पोहोचावे, आणि त्यानंतरच रंग द्यावा. पापाचेही असेच आहे. पुष्कळ जण नाताळाला नवे वस्त्र नेसून मंदिरात येतात, परंतु आतले खरवडू देत नाहीत. पश्चात्ताप हे खरवडणे आहे. ते दुखते, पण त्यावाचून रंग टिकत नाही.

दुसरी गोष्ट जोराची. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. चालविताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून करणाऱ्याने बुद्धिपुरस्सर तसे केले आहे. ज्यास हे ठाऊक नाही तो नेहमीच्या रीतीने पाना फिरवितो, आणि जितका जोर लावावा तितके ते अधिकच घट्ट बसते. शेवटी आटेच जातात. मंडळीत अशी माणसे आहेत की ज्या उपदेशाने दुसरा सुधारला, त्यानेच ती अधिक कठीण झाली. तेव्हा दोष नेहमी त्यांचाच असतो असे नाही. पौलाने फिलेमोनास देखील आज्ञा केली नाही. आज्ञा करण्याचा अधिकार असूनही प्रीतीस्तव विनंती केली.

तिसरी गोष्ट चाकाची. चाक डुलू लागले म्हणजे 'आउट' झाले म्हणतात. प्रत्येक आरा धावेस आपल्या बाजूला ओढीत असतो. म्हणून एकच आरा घट्ट पिळून चाक सरळ होत नाही. एका बाजूचा थोडा कसावा, समोरच्या बाजूचा थोडा सैल करावा, पावपाव फेऱ्याने, पुन्हा पुन्हा चाक फिरवून पाहावे. परत येणाऱ्या बंधूनेच सर्व बदलावे आणि आपण जसे आहो तसेच राहावे, अशी आपली इच्छा असते. परंतु अनेसिमास घरी यावयाचे होते, तसा फिलेमोनासही आपला धनीपणा सैल करावयाचा होता. शिवाय झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी चढविली तर ती घसरते. दारू सोडलेल्या बंधूस सायंकाळी बसावयास जुन्याच पारावाचून दुसरी जागा आपण दिली नाही, तर तो घसरला म्हणून बोट दाखविण्याचा आपणांस काय अधिकार?

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पुढच्या चिमट्यास चीर गेली असेल तर ती रंगाखाली झाकून कोणास बसावयास देऊ नये. चालविण्यापूर्वी ब्रेक तपासावा. प्रथम अंगणात, मग गल्लीत, आणि मग नागपूरच्या रस्त्यावर न्यावी. क्षमा ताबडतोब करावी, पण भार हळूहळू द्यावा. परत आलेल्याच्या हाती पहिल्याच रविवारी दानाची पेटी देणे ही प्रीती नव्हे, आणि कधीच काही काम न देणे हीही प्रीती नव्हे.

चौथी गोष्ट खर्चाची, आणि ती मुख्य आहे. टायर, ट्यूब, छर्रे, ब्रेकचे रबर हे सर्व विकत आणावे लागते. सायकलीजवळ पैसा नसतो. जो तिला उचलतो त्याच्याच खिशातून तो जातो. पौल नेमके हेच करतो. अनेसिमाने तुझा काही अन्याय केला असेल, किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड, असे तो स्वहस्ताने लिहून देतो. प्रियांनो, आपले खातेही असेच कोणीतरी आपल्या नावे करून घेतले आहे. कालवरीवर जे फेडले गेले ते आपले देणे होते. ज्याचे एवढे फिटले त्याने दुसऱ्याची वही उघडून बसावे काय?

पंचांनो व मंडळीतील वडील जनांनो, आपल्या प्रत्येक गावी एक तरी नाव आहे की ज्यावर आपण रेघ ओढली आहे. तो व्यसनाने गेला असेल, कर्जाने गेला असेल, किंवा रागाच्या एका शब्दाने गेला असेल. मंदिराची घंटा त्यास आपल्या दारात बसून ऐकू येते. ह्या सप्तकात आपल्यातील एकाने त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. त्याजबरोबर चहा घ्यावा, आणि एक लहानसे काम मागावे. जो जाईल त्याने मनात ठरवूनच जावे की, ह्यात वेळ, मान व कदाचित पैसाही माझाच जाईल.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायात, नवव्या वचनी, अनेसिमाचे नाव पुन्हा येते. तेथे त्यास विश्वासू व प्रिय बंधू म्हटले आहे, आणि तो तुखिकाबरोबर मंडळीकडे वर्तमान घेऊन निघाला आहे. जो पूर्वी दूर गेला होता, तोच आता दुसऱ्यांचा निरोप वाहून नेत आहे. नीट केलेली सायकल शोभेकरिता भिंतीस टेकवून ठेवावयाची नसते. तिने कोणास तरी पोहोचवावयाचे असते. प्रभू आपणांस अशी दृष्टी व असे धैर्य देवो. आमेन.