पुंगळीचं बूड

बस नको, उभा राहा. आणि ते पितळ टेबलावर ठेव. खिशातलंही.

काडतुसाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या. चारांची मान कापलेली, एक तडकलेली, एक शेगडीत घालून लाल केलेली. बोरसीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये मुलं लेथ शिकायला येतात, चुका करतात. एकाने किल्ली चकमध्येच विसरून मशीन चालू केलं, ती माझ्या कानाजवळून गेली. त्याला ओरडलो आणि विसरलो. तुझं विसरता येणार नाही. तू चूक केली नाहीस, मी गावाला गेल्याचं बघून ठरवून केलंस.

आणि वर तोंड करून काय म्हणालास? "सर, चेंबरमध्ये बसते ना!"

बसते म्हणजे काय रे? माझी टोपी तुझ्या डोक्यावर बसते, म्हणून ती हेल्मेट झाली का?

ये इकडे, कॅलिपर धर. तोंडाचं माप घेतलं होतंस, लांबीचं घेतलं होतंस. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटरच्या थोडी वर, तुझ्या आजोबांच्या .३१५ रायफलला ५० हवी. सहा मिलिमीटर कापले, तोंड जरा फुगवलं, झालं काम! आता बुडाशी लाव जबडे. कडेवर नाही, कडेच्या वर, जिथून भिंत सुरू होते तिथे. वाच. मोठ्याने वाच. ११.६. आणि आजोबांच्या पेटीतल्या .३१५ च्या काडतुसाला तिथेच किती येतं? साडेबाराच्या आसपास. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या वर फट. ती फट तुला दिसली नाही, कारण तू वरूनच बघत होतास.

त्या फटीत काय होतं ते ऐक. बार उडतो तेव्हा आत दर चौरस सेंटीमीटरला तीन हजार किलोच्या आसपास दाब चढतो. तुझ्या बापाच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. चेंबरची पोलादी भिंत जवळ असेल तर पितळ फुगून तिला टेकतं आणि वायू अडवून धरतं. पुंगळीचं खरं काम तेच आहे, दारू भरून ठेवायची डबी नव्हे ती. भिंत लांब असेल तर पितळ ताणत जातं आणि बुडाशी फाटतं. मग वायू मागे येतो. मागे काय असतं? बोल्ट. बोल्टच्या मागे? तुझा उजवा डोळा. बोल की!

ज्यावरून तू हे उचललंस तो व्हिडिओ मी पाहिलाय, दाखवू नकोस. परदेशात परवानगी असते तिथे शौकीन लोक .३०-०६ ची पुंगळी कापून जर्मन ८×५७ ची करतात, हे खरं आहे. का जमतं? दोन्हींचं बूड जवळजवळ एकाच मापाचं आहे म्हणून. बुडाला हात न लावता फक्त खांदा मागे ढकलायचा आणि मान नवी करायची. तरीही ते प्रत्येक मानेची जाडी मायक्रोमीटरने मोजतात. कारण जिथे आधी खांदा होता तिथलं जाड पितळ आता मानेत येतं. मान जाड झाली की गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब कुठच्या कुठे जातो. ८×५० साठी, म्हणजे आजोबांच्या .३१५ च्याच मापासाठी, ते रशियन ७.६२×५४ ची घेतात, कारण तिचं बूड त्या मापाच्या जवळ आहे. .३०३ ची कुणी घेत नाही. तू घेतलीस, कारण कबाड्याकडे तीच मिळाली. पायात जोडा चावतो म्हणून कुणी पाय तासतं का?

आता ही लाल केलेली. ही का भाजलीस? "मान फुटू नये म्हणून." बरं. मग बूड का भाजलंस? अख्खी पुंगळी निखाऱ्यात टाकलीस आणि वर बादलीत बुडवलीस, कडक व्हावी म्हणून! रूळ करणाऱ्या गावात वाढलास, पोलाद पाण्यात बुडवलं की काय होतं ते कानावरून गेलंय तुझ्या. पण हे पोलाद नाही. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. लाल करून पाण्यात घाल नाहीतर हवेत ठेव, मऊ ते मऊच. याला कडकपणा येतो तो ठोकण्याने, दाबण्याने, ओढण्याने. पुण्याच्या तांबट आळीत कधी गेलास तर बघ, तांबट हंडा घडवून झाल्यावर मठारतो. ते ठोके नुसते शोभेचे नसतात, त्यानेच भांडं घट्ट होतं. पुंगळीचं बूड कारखान्यात प्रेसखाली असंच दाबून कडक केलेलं असतं. तू ते पाच मिनिटांत लोणी केलंस, आणि ते परत कडक करायला तुझ्याकडे काही नाही. आमचे बिहारी शेजारी शेगडीला बोरसीच म्हणतात. म्हणून काय बोरसीत राहणाऱ्याने दिसेल ते शेगडीत घालायचं?

या चारांवर मानेपाशी निळसर-तपकिरी झाक होती, ती कुठे गेली? डाग वाटला म्हणून घासलास. तो डाग नव्हता रे. कारखान्याने फक्त मान तापवून मऊ केली होती आणि बूड थंड ठेवलं होतं, त्याची ती खूण. उत्तर तुझ्या हातात होतं आणि तू ते पॉलिश पेपरने पुसलंस.

ही तडकलेली मात्र तुझ्या हातून गेलेली नाही, एवढं मी मान्य करतो. कबाड्याकडून आणलेलं पुंगळ्यांचं पोतं कुठे ठेवलं होतंस? गोठ्यात. वाटलंच मला. इंग्रजांच्या घोडदळाचीही काडतुसं अशीच तडकायची. पावसाळ्यात ती तबेल्यांत ठेवत, आणि पावसाळा सरता सरता उभ्या चिरा दिसू लागत. इंग्रजीत त्याला नावही ऋतूचंच पडलं. खरं कारण निघालं घोड्याचं मूत. त्यातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये हे मांडलं. उपाय काय? मंद आच. बूड मऊ होणार नाही पण ताण उतरेल, इतकीच. उष्णता तीच, फरक किती आणि कुठे याचा. तुला दोन्ही विचारावंसं वाटलं नाही.

आणि या पुंगळीत डोकाव, उजेडाकडे धरून. मधोमध एक भोक आहे का? नाही, दोन बारीक भोकं आहेत, बाजूबाजूला. जुनी कॅप काढायला तू मध्येच ठोकत बसलास आणि माझा पंच मोडलास. तो पंच तू आणून देणार आहेस.

आजोबांच्या रायफलवर इशापूर लिहिलंय, वाचलंयस. पण .३१५ हे माप या देशात आलंच का, ते कुणी सांगितलं नाही तुला? लष्कराचं .३०३ खासगी माणसाच्या बंदुकीत चालू नये म्हणून. इंग्रज सरकारने सैनिकी माप नागरिकांना बंद केलं, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं आठ एमएम इथे आलं आणि पुढे आपल्याच कारखान्यांनी ते चालू ठेवलं. ही दोन मापं एकमेकांत बसू नयेत हाच तर हेतू होता. आणि तू रात्रभर जागून त्यांना बसवायला निघालास!

दारू कुठून आणणार होतास ते मी विचारत नाही. उत्तर ऐकायचंही नाही मला. पण कायदा ऐक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय तो बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आजोबांचा परवाना रायफल बाळगायचा आहे आणि तो त्यांच्या नावावर आहे. काडतुसं बनवायचा नाही आणि तुझ्या नावावर तर नाहीच. "काडतूस महाग पडतं, सर." पडतं. तुला अटक झाली तर माझ्या लेथचाही पंचनामा होईल, आणि ही बाकीची अकरा पोरं कुठे शिकतील? त्याची किंमत धरलीस का हिशेबात?

मान खाली घालू नकोस, इकडे बघ. कापलेली तोंडं मी पाहिली. एकसारखी, बर नाही, काटकोनात. हात चांगला आहे तुझा, म्हणूनच इतका संताप येतोय. ज्याला जमत नाही त्याच्या हातून एवढा घोटाळा होतच नाही.

आता करायचं ते ऐक. ही भाजलेली पुंगळी वाइसमध्ये धर आणि हॅकसॉने उभी चीर. फाइलने कड साफ कर आणि भिंतीची जाडी तीन जागी मोज, तोंडाशी, मधे, बुडाशी. आकडे वहीत, दोन दशांशांपर्यंत. मग बाकीच्या पाचही तशाच चीर. एकही अख्खी राहता कामा नये. पोत्यात उरलेल्या किती आहेत ते आज आजोबांना सांगायचं, तू स्वतः, आणि उद्या सकाळी दहाला त्यांना आणि वडिलांना घेऊन इथे यायचं. परवान्याचं पुस्तक सोबत आणायला सांग. ठाण्यात काय आणि कसं सांगायचं ते आम्ही मोठे ठरवू, मी येतो बरोबर.

कॅलिपर आधी पूस. तेल लावून मगच पेटीत ठेव.