तोंडावरचं बोट कोणी काढायचं?

ओतूरला मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ दोन शिक्षकांत रंगलेला हा कल्पित संवाद. एक निवृत्त गुरुजी. दुसऱ्या सातवीच्या वर्गशिक्षिका, एकेकाळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी.

बाई : गुरुजी, वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले आणि एका मुलीपाशी अडले. वही नीटनेटकी, गणितं बरोबर, पण वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. ‘तोंडी काम’ या रकान्यात काय लिहू?

गुरुजी : लिही, ‘लक्षपूर्वक ऐकते’. आमच्या वेळी गप्प बसणं हाच मोठा गुण होता.

बाई : ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आजही पहिलीच्या वर्गातून ऐकू येतं. सहा वर्षं बोट तोंडावर ठेवायला शिकवायचं आणि सातवीत म्हणायचं, ‘बोल की गं!’

गुरुजी : एकानं बोलायचं तर बाकीच्यांनी गप्प राहायलाच हवं. आणि ऐकणं हा सहभाग नव्हे, असं कोणी ठरवलं? इथंच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. त्यांचा उपदेश तुकोबांना मिळाला तो स्वप्नात. तिथं कोणी हात वर करून उत्तर दिलं होतं?

बाई : पण नंतर तुकोबा गप्प बसले नाहीत. बोलले, म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायची वेळ आली, असं परंपरा सांगते. कोणी बोलायचं हे ठरवणारे तेव्हाही होते. माझ्या वर्गातही आहेत. पुढच्या बाकावरची पाच-सहा मुलं सगळी उत्तरं देऊन टाकतात आणि मला वाटतं, वर्ग काय छान चाललाय!

गुरुजी : मग तिला रोज एक प्रश्न विचार. आम्ही पोरांना पोहायला शिकवताना विहिरीत ढकलायचो.

बाई : पण पाठीला डबा बांधून! वर्गात तो डबा कुठाय? तिचे आईबाप पश्चिमेकडच्या वाडीतून इथं मळ्यात कामाला आलेले. एकदा उत्तर देताना ती घरच्यासारखं ‘पानी’ म्हणाली आणि वर्ग खो-खो हसला. तेव्हापासून ती बोललेली नाही.

गुरुजी : म्हणजे मुलगी मुळातच अबोल?

बाई : शाळा सुटल्यावर बघा तिला. वाट उसातून जाते, बिबट्याची भीती. लहान पोरांना मधे घेते आणि मोठमोठ्यानं बोलत चालते, म्हणजे जनावराला माणसांची चाहूल लागते. उसात तिला आवाज राखतो, वर्गात गप्प बसणं राखतं. तिचा हिशेब चुकला असं कसं म्हणू?

गुरुजी : मग राहू दे तिला गप्प. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे.

बाई : त्याच कायद्याचं २९ वं कलम म्हणतं, मूल भयमुक्त असावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणानं मांडायला मदत व्हावी. नुसतं भय काढून भागत नाही. मी आज तिला सोडून दिलं, तरी दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेचे गुण तिला सोडणार नाहीत. पुढे ग्रामसभेत पाण्याचा नाहीतर रेशनचा विषय निघाला, की तिच्या वाटणीचंही पुढच्या बाकावरचेच बोलतील.

गुरुजी : पटलं. पण सक्ती करायची नाही आणि सूटही द्यायची नाही, मग करायचं काय? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत येत नाहीत म्हणून दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. आधी शिक्षक हलला, मग मुलं हलली.

बाई : म्हणजे नियमांचा क्रम बदलायला हवा. पहिला नियम ऐकणाऱ्यांना : कोणाचं चुकलं तर हसायचं नाही. दुसरा मला : प्रश्न विचारल्यावर लगेच पुढच्या बाकाकडे बघायचं नाही, थांबायचं. उत्तर आधी शेजारणीला सांगू द्यायचं, मग गटात, मग वर्गात. तिसरा नियम तिला : बोलायचं. एवढं झाल्यावर मात्र सूट नाही.

गुरुजी : आणि तरीही नाही बोलली तर?

बाई : तर पहिले दोन नियम खरंच पाळले गेले का, ते आधी तपासेन.

गुरुजी : मग नोंदीत ‘संकोची आहे’ असं लिहू नकोस. तो शिक्का पुढच्या इयत्तेतही तिच्या मागे जाईल. लिही, ‘लेखन उत्तम, वर्गात बोलण्यासाठी शिक्षकाची मदत हवी.’ मुलांकडून सहभागाची अपेक्षा जरूर ठेवावी, पण त्या अपेक्षेतलं पहिलं काम शिक्षकाचं आहे. ते झालं नसेल, तर मुलाचे गुण कापायचा अधिकार आपल्याला नाही.