टोपीवर ठोकलेला देव

आमच्या घरमालकीणबाईंच्या आजोबांचं हेल्मेट तीन आठवडे माझ्या कामाच्या टेबलावर होतं. डोक्यावर भाल्यासारखं टोक असलेलं, पहिल्या महायुद्धाच्या व्यंगचित्रांत कैसरला हमखास घातलेलं असतं तसलं. जर्मनीत त्याला पिकेलहाउबं म्हणतात. बाईंना ते गावच्या संग्रहालयाला द्यायचं होतं आणि सोबत त्याची हकिकत लिहून जोडायची होती. मी कोल्हापूरच्या सुभाषनगरातला, चपला करणाऱ्यांच्या घरातला. इथे लुडविग्सबुर्गजवळ सगळी नोकरी गिअरबॉक्स तपासण्यात गेली, तरी चामड्याचं काही निघालं की शेजारीपाजारी अजून मलाच हाक मारतात.

या हेल्मेटात लोखंड असेल असं लांबून वाटतं. असतं ते कातडंच. जाड कातडं गरम पाण्यात मऊ करायचं, साच्यावर ओढून ताठ करायचं, वर काळ्या रोगणाचे हात द्यायचे. टोक, कडा, मागचा कणा आणि कपाळावरचं चिन्ह पितळेचं. आत चामड्याच्या पाकळ्या आणि त्या आवळायला दोरी. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं कातडं हाताळलेल्या माणसाला हे काम आवडावं असंच आहे. १८४२ साली प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने ते सैन्याला दिलं. दोनच वर्षांनी कवी हायनेने आपल्या प्रवासकाव्यात त्याची टर उडवली : वादळ आलं तर हे टोक आधुनिक काळाची वीज नेमकी डोक्यावर ओढून घेईल! कवी थट्टेत बोलला, पण पुढे तसंच झालं.

मागच्या पाखीच्या आत शिक्का आहे : बी. ए., पुढे रोमन आकड्यांत तेरा आणि १९०९. म्हणजे तेराव्या आर्मी कोअरच्या कपडेखात्याचा माल. तेरावी कोअर ही वुर्टेंबर्गची, म्हणजे आमच्याच भागाची. इथवर हकिकत सरळ होती. अडचण कपाळावर होती. तिथे पंख पसरलेला प्रशियाचा गरुड आणि त्याच्या छातीवरून गेलेल्या फितीवर कोरलेलं : देवासह, राजासाठी आणि पितृभूमीसाठी.

वुर्टेंबर्गच्या शिपायाच्या कपाळावर प्रशियाचा गरुड नसतो. तिथे वुर्टेंबर्गचं राजचिन्ह असतं आणि त्याखालच्या ब्रीदाचा अर्थ निर्भय आणि एकनिष्ठ एवढाच. पट्ट्याच्या बकलावरही तेच ब्रीद. प्रशियाच्या बकलावर मात्र ‘देव आमच्यासोबत’. बव्हेरियाच्या हेल्मेटवर निष्ठेत अढळ. एकाच कैसरच्या झेंड्याखाली खंदकात बसलेले शिपाई, पण देवाचं नाव कपाळावर असणार की नाही हे तुमचा गाव कुठल्या राजाच्या हद्दीत पडतो त्यावर ठरायचं.

मी गरुड उतरवला. चिन्हाच्या मागे पितळी कड्या असतात, त्या कातड्यातून आत घालून आतून पाचर मारतात. भोकं दोन पुरतात. इथे चार होती. दोन भोकांच्या कडा घामाने काळवंडलेल्या, वापराने गुळगुळीत झालेल्या. उरलेली दोन कोरडी, आत फिकट तंतू उभे राहिलेले. बाहेरून घाईत आरी घुसवल्याशिवाय कातडं असं फाटत नाही. घरी आमच्या आण्णांनी असं भोक पाडलेलं पाहिलं असतं तर चप्पल माझ्याच पाठीत घातली असती.

बाईंना दाखवलं तेव्हा त्या आधी गप्प झाल्या, मग हसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर श्टुटगार्टला अमेरिकन फौज होती आणि त्यांचे मामा असल्या वस्तू त्या सैनिकांना विकत. अमेरिकन गिऱ्हाइकाला गरुडच हवा असे. वुर्टेंबर्गच्या चिन्हाला फारसं कुणी विचारत नसे. हे एक हेल्मेट विकायचं राहून गेलं. म्हणजे आजोबांच्या कपाळावरचा देव आजोबांच्या मागून आला, मामांच्या धंद्यापायी.

मग मी त्या फितीच्या मागे लागलो. हे ब्रीद १८१३ चं. नेपोलियनविरुद्ध उठलेल्या प्रशियाने गावोगावच्या लोकांची फौज उभारली आणि त्यांच्या टोप्यांवर याच शब्दांचा क्रॉस लावायला सांगितला. गणवेशाला पैसा नव्हता, तेव्हा बिल्लाच गणवेश. घरदार सोडून निघालेल्या शेतकऱ्याच्या टोपीवर ती बहुधा प्रार्थनाच असावी. पुढे ते शब्द खड्या सैन्याच्या गरुडावर गेले, पितळेत हजारोंनी छापले गेले, आणि प्रार्थनेचा शिक्का झाला. प्रशियाचा राजा हाच तिथल्या प्रोटेस्टंट चर्चचा सर्वोच्च प्रमुख. त्यामुळे फितीवर देव आणि राजा शेजारी बसले यात कुणाला वावगं वाटलं नाही. माझं म्हणणं असं की त्या ओळीत देव पहिला आहे तो फक्त लिहिण्यात. हुकूम राजाचा होता, देवाची नुसती सही घेतली होती.

हे म्हणणं माझ्याआधी एका पाद्र्याने मांडलंय, आणि फार मोठी किंमत मोजून. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ नामवंत जर्मनांनी कैसरच्या युद्धाचं समर्थन करणारं पत्रक काढलं. त्यात आडोल्फ फॉन हार्नाक आणि विल्हेल्म हेरमान हे थोर धर्मपंडित होते. स्वित्झर्लंडच्या झाफेनविल गावात २८ वर्षांचा कार्ल बार्ट पाद्री होता, त्या दोघांचा विद्यार्थी. गुरूंच्या सह्या पाहून त्याला त्यांनी शिकवलेलं सगळंच डळमळीत वाटायला लागलं. ज्या विचाराला तोफा आणि देव वेगळे ओळखता येत नाहीत त्यात कुठेतरी मुळातच खोट आहे, असं त्याने धरलं. ‘रोमकरांस पत्र’ यावरचं त्याचं भाष्य त्यातून आलं. देव आपल्या संस्कृतीचा, राष्ट्राचा, सद्गुणांचा वाढवलेला आकार नव्हे, तो पूर्णपणे वेगळा आहे, हा त्याचा हेका. जर्मनच तेवढे असे होते असं मात्र नाही. १९१५ मध्ये लंडनच्या बिशपांनी व्यासपीठावरून जर्मन मारा, चांगले मारा, वाईट मारा, असा उपदेश केला होता.

आणि त्याच गरुडाखाली ज्यू शिपाईही होते. सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात लढले, त्यातले १२ हजार मेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये युद्धखात्याने त्यांची वेगळी मोजणी लावली, हे आघाडीवर जायचं टाळतात काय ते पाहायला. डोक्यावर देवासह असं लिहिलेली टोपी घालून चिखलात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं की तू खरंच इथे आहेस का! तत्त्वज्ञ फ्रांत्स रोझेनत्स्वाइग त्या ज्यू शिपायांतलाच. मॅसेडोनियाच्या आघाडीवरून त्याने फौजी पोस्टकार्डांवर आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहायला घेतला आणि कार्डं आईला धाडली. मरणाच्या भीतीपासूनच तो ग्रंथ सुरू होतो. टोपीवरच्या ओळीत त्या भीतीला जागा नाही.

१९१६ साली व्हेर्दाँच्या लढाईत पोलादी हेल्मेट आलं आणि हे कातडं हळूहळू मागे पडलं. त्याआधीच इंग्रजांच्या नाकेबंदीने कातड्याची आवक तुटली होती आणि फेल्टची, पत्र्याची हेल्मेटं निघत होती. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला युद्धकर्जाच्या प्रचारासाठी जप्त केलेल्या अशा हजारो हेल्मेटांचा मनोरा रचला होता. देवाचं नाव असलेल्या किती टोप्या त्यात होत्या ते कुणी पाहिलं नसेल, गर्दी टोकं बघायला आली होती.

माझ्या मनात एक वेगळीच गाठ राहिली. कातडं कमावणाऱ्याला आमच्याकडे देवळाच्या पायरीवर थांबवलं. पखवाजाचं कातडं गाभाऱ्यापर्यंत वाजत गेलं, ते मढवणारा माणूस बाहेर. इथे ढोराचं कातडं साहेबाच्या मस्तकावर चढलं, त्यावर देवाचं नावही ठोकलं, कुणाला विटाळ झाला नाही. मला यात जर्मनांचं कौतुक करायचं नाही. दोन्हीकडे देव कुठे बसायचा हे सत्ताच ठरवत होती. आमच्याकडे तिने त्याला कातड्यापासून लांब ठेवलं, इथे कातड्यावर बसवलं.

बाईंनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे लढाईत देव कोणाच्या बाजूला असतो?’’ मी म्हटलं, कृष्णाने दोघांना निवड दिली होती. त्याची सगळी सेना कौरवांकडे गेली आणि तो एकटा, शस्त्र न घेता, पांडवांकडे. म्हणजे त्याची माणसं त्याच्याच विरुद्ध लढली.

‘‘हे बिशपांना सांगू नका,’’ बाई म्हणाल्या.

मग गांधारीचं सांगितलं. रोज सकाळी दुर्योधन आईकडे आशीर्वाद मागायला यायचा, आणि ती एकदाही तू जिंकशील असं म्हणाली नाही. धर्म जिथे असेल तिथे जय, एवढंच. पोटच्या पोरालाही तिने देव तुझ्यासोबत असं लिहून दिलं नाही. माझ्या मते युद्धाला निघालेल्या माणसासाठी खरी प्रार्थना तेवढीच होऊ शकते, आणि ती कुठल्याही सैन्याला बकलावर परवडणार नाही.

‘‘मग ती समाधानाने मेली?’’

‘‘छे. शंभर पोरं गेल्यावर तिने कृष्णालाच शाप दिला. थांबवू शकत होतास, थांबवलं नाहीस, आता तुझंही कूळ असंच एकमेकांना मारून संपेल.’’

‘‘आणि देवाने काय केलं?’’

‘‘मान्य केलं.’’

बाईंनी गरुड हातात घेऊन वजन बघितलं. त्यांचं मत पडलं की आमच्या पाद्र्याला यातलं पहिलं जमेल, शेवटचं नाही. मग संग्रहालयाच्या अर्जात ‘हेल्मेट, वुर्टेंबर्ग, १९०९’ आणि खाली वेगळ्या ओळीत ‘पुढचं चिन्ह प्रशियन, नंतर बसवलेलं’ असं लिहून मागितलं, आणि गरुड परत बसवताना जुनीच दोन भोकं वापरता येतील का ते विचारलं. नाही येणार, कड्यांमधलं अंतर वेगळं आहे.