गाडीनं मानलेली किल्ली

31 ऑगस्ट 2022, गणेश चतुर्थी. नवघर रोडवरच्या एका घरी मी प्राणप्रतिष्ठेला बसलो होतो. उजवा हात मूर्तीच्या छातीवर टेकवून मंत्र म्हटले, दूर्वेच्या टोकानं डोळ्यांना तूप लावलं. आरती आटोपली आणि यजमानांच्या दहा वर्षांच्या मुलानं विचारलं, "गुरुजी, पेणला एकाच साच्यातून कितीतरी गणपती निघतात. मग दुकानात उरला तो देव नाही आणि आमचा तेवढा देव कसा?" वडिलांनी त्याला दटावलं. मी म्हणालो, "मंत्रांनी होतो रे बाळा." उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. घरी पोचेपर्यंत ते टोचत राहिलं.

दहाव्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, आमच्या सोसायटीचा गणपती जेसल पार्कच्या खाडीत उतरवताना माझ्या सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली पाण्यात गेली. ओहोटीच्या चिखलात ती सापडणं शक्यच नव्हतं. घरी दुसरी किल्ली होती, पण एकाच किल्लीवर गाडी ठेवू नये असं सगळे म्हणतात. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या किल्ल्या मागते. म्हणून पोलीस ठाण्यात किल्ली गहाळ झाल्याची नोंद केली आणि स्टेशनकडच्या एका चावीवाल्याकडे गेलो.

त्यानं आधी आरसी बुक आणि आधार कार्ड मागितलं. मला ते आवडलं. किल्ली करून देण्याआधी मागणाऱ्याचा अधिकार बघणारा माणूस भरवशाचा. मग मशीनवर कोरी पात कापून त्यानं माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "लावून बघा." किल्ली कुलपात बसली, फिरली, इंजिन धरलं आणि क्षणात बंद पडलं. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत होता. पुन्हा लावली, पुन्हा तेच. खाच न् खाच बरोबर होती, तरी गाडी दाद देईना.

"चावी कापली म्हणजे चावी झाली नाही, गुरुजी," तो म्हणाला. "गाडीनं मानली पाहिजे."

मग त्यानं किल्लीचं प्लास्टिकचं डोकं उघडून दाखवलं. आत अक्षतेपेक्षा जरा लांब अशी काचेची नळी होती. ती म्हणजे चिप. तिला बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं; किल्ली फिरवली की त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याच शक्तीवर ही चिप जागी होते. गाडीतली पेटी तिला एक आकडा विचारते, दर वेळी वेगळा. चिप आपल्या पोटातल्या गुपिताच्या आधारानं उत्तर देते. ते जुळलं तरच इंजिन चालू राहतं. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ही इमोबिलायझरची व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही ती आता असते.

स्टेअरिंगखालच्या सॉकेटात त्यानं वायर जोडली, हातातल्या स्क्रीनवर काहीतरी दाबलं आणि घरची जुनी किल्ली लावून काढली. मग नवी लावली. लाल दिवा एकदा स्थिर पेटला आणि विझला. इंजिन सुरू झालं ते सुरूच राहिलं.

मी विचारलं, "आता या किल्लीत काय भरलंत?"

"या तुमच्या गाडीत म्हणाल तर चावीत काहीच नाही. तिचा नंबर तिच्याकडे आधीपासून होता. मी तो गाडीच्या वहीत लिहिला."

तिथेच मला त्या मुलाचं उत्तर मिळालं असं वाटतं. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीत बाहेरून काहीतरी ओतलं जातं असं आपण समजतो. पण आगमांच्या पद्धतीत पूजा करणारा देवाला आपल्या हृदयातून श्वासावाटे हातातल्या फुलात आणतो आणि ते फूल मूर्तीवर ठेवतो. विसर्जनाला फूल हुंगून त्याला परत हृदयात घेतो. म्हणजे वही यजमानाच्या आत असते. बदल होतो तो त्या घरात: माणसं आवाज खाली आणतात, मूर्तीपुढून जाताना थबकतात, पहिला घास तिच्यापुढे ठेवतात. दुकानात उरलेल्या मूर्तीत काही कमी नाही. तिचं नाव अजून कुणाच्या वहीत चढलेलं नाही, इतकंच. दहाव्या शतकातल्या काश्मीरच्या उत्पलदेवानं यासाठी एक दृष्टान्त दिला आहे: ज्याची कीर्ती ऐकून एक स्त्री झुरत होती तोच पुरुष तिच्यासमोर येऊन उभा राहतो, पण हाच तो हे कळेपर्यंत तिला आनंद होत नाही. त्याच्यात काही भर पडायची नसते. तिला ओळख पटायची असते.

यावर आक्षेप आहे आणि तो मी स्वतःवरच घेतो. शाळिग्रामाला आणि बाणलिंगाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. ते स्वयंभू मानले जातात. तिथे आमची वही कामाची नाही. ओळखण्यानंच देव होतो असं मी म्हणूनच म्हणणार नाही. देव असतोच, ओळखल्यावर तो आपला होतो, इतपतच मला ठामपणे सांगता येतं.

चावीवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. काही किल्ल्या नोंद न करताच बनतात. जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करायची. मग एकाच नंबरच्या दोन किल्ल्या आहेत हे गाडीला कळतही नाही. (असल्या एका चिपचं 40 बिटांचं गुपित 2005 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधून काढलं होतं.) ते ऐकताना मला माझी पहिली वर्षं आठवली. वडील गेल्यावर मी त्यांच्याच चालीत, त्यांच्याच ठिकाणी थांबत मंत्र म्हणायचो. यजमान म्हणायचे, "डोळे मिटले तर काकाच बसलेत असं वाटतं." मला ते भूषण वाटे. एका वास्तुशांतीनंतर त्या घरच्या आजींनी मात्र विचारलं, "तुझं नाव काय रे?" त्या घरी त्याआधी मी सात-आठ वेळा पूजा सांगून आलो होतो. त्या दिवशी माझी नोंद झाली.

निघताना चावीवाला म्हणाला, "खाडीतली चावी गाडीच्या यादीत अजून आहे. काढून टाकू?" मी क्षणभर गप्प राहिलो. चिखलात रुतलेल्या त्या किल्लीला गाडी अजून ओळखत होती. काढा म्हणालो. त्यानं सगळी यादी पुसली आणि समोरच्या दोन किल्ल्या पुन्हा नोंदवल्या. मी साडेतीन हजार रुपये दिले.

आता माझ्या यजमानांना मी दर वर्षी सांगतो, इथेही सांगतो. विसर्जनाला घाईत गणपती उचलू नका; वहीतली नोंद आधी उतरवायची असते. आधी उत्तरपूजा करा, अक्षता वाहा, मूर्ती जागेवरून किंचित हलवा, मगच तिला दाराबाहेर न्या. दहा मिनिटं लागतात, आणि गुरुजी आले नाहीत तरी ती घरच्या माणसांना करता येते.