तू हो पुढे

"तू हो पुढे, आम्ही आलोच."

मराठीत याच्याइतकं सोयीचं वाक्य दुसरं नसेल. बोलणाऱ्याला मोठेपणा मिळतो आणि ऐकणाऱ्याला सुटका. मागच्या जूनमध्ये मॅनहॅटनच्या क्रूझ टर्मिनलवर संदीप मला हे म्हणाला आणि मी खरंच पुढे झालो. प्रश्न फार तर पन्नास मिनिटांचा होता. भांडण झालं नाही, कुणी रुसलं नाही. संदीपला तर आता तो प्रसंग आठवतही नसेल. मला मात्र तो सोडत नाही.

आम्ही दोन कुटुंबं मिळून बर्म्युडाला निघालो होतो. मी, मेधा आणि आमची ईरा. संदीप, मनीषा आणि त्यांचा पंधरा वर्षांचा अर्णव. आमची ही नववी क्रूझ, त्यांची पहिली. क्रूझ कंपन्यांचा एक हिशोब असतो. बोटीवर काढलेल्या रात्रींचे पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की तुमची पायरी वाढते. पायऱ्यांना सोन्या-प्लॅटिनमची नावं असतात. बदल्यात काय मिळतं? कपडे धुण्यावर सवलत, केबिनमध्ये पाण्याच्या बाटल्या, एखाद्या संध्याकाळी फुकट पेय. यादी वाचली की हसू येतं. त्यातली एकच गोष्ट लोकांना मनापासून हवी असते, ती म्हणजे बोटीवर चढताना वेगळी रांग.

टर्मिनलमध्ये टॅब्लेट घेऊन उभ्या असलेल्या मुलीने आमचा पास स्कॅन केला. "वेलकम बॅक!" म्हणाली आणि डावीकडची मोकळी वाट दाखवली. मग संदीपचा पास स्कॅन केला आणि उजवीकडे हात केला. तिकडे दोऱ्यांमधून वळणं घेत शे-दोनशे माणसं उभी होती.

"आम्ही एकत्र आहोत," मी म्हणालो.

एका केबिनमधल्यांनाच सोबत नेता येतं, असं तिने नम्रपणे सांगितलं. आणि पुढे म्हणाली, "तुम्हाला हवं तर तुम्ही त्यांच्याबरोबर त्या रांगेत थांबू शकता."

तिचं हे दुसरं वाक्य मी ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं. पण तेवढ्यात संदीप म्हणाला, "तू हो पुढे," आणि मी ते न ऐकल्यासारखं केलं.

दहा मिनिटांत आम्ही बोटीवर होतो. बुफेमध्ये खिडकीजवळचं मोठं टेबल धरलं. ईराने विचारलं, "संदीपकाका कुठंयत?" मी म्हटलं, "येतायत." भूक लागली होती, म्हणून थोडं घेतलं. मग थोडं अजून. ते तिघं आले तेव्हा माझी ताटली रिकामी होती. अर्णव म्हणाला, "तुम्ही जेवलात पण?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण पानावर सगळ्यांचं वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही, हे मला लहानपणी पंगतीत बसून शिकवलं गेलं होतं. सगळ्यांचं होईपर्यंत उठायचंही नाही. नियम मला पाठ होता. तो कार्यालयातल्या पंगतीपुरताच आहे, असं मी कधी ठरवलं, ते आठवत नाही.

त्या रात्री मी स्वतःची वकिली सुरू केली. चार मुद्दे मांडले.

पहिला मुद्दा: मी पुढे गेल्याने संदीपचं काय बिघडलं? हा मुद्दा लगेच कोसळतो. काउंटरवरची माणसं तेवढीच, चढणारे तेवढेच. कुणी आधी गेलं तर कुणीतरी मागे सरकणारच. माझी वाचलेली मिनिटं आभाळातून पडली नव्हती. ती मागे उभ्या असलेल्यांच्या खिशातून थोडीथोडी काढलेली होती. त्यांतला एक खिसा संदीपचा होता.

दुसरा मुद्दा: ही पायरी मी कमावली आहे. कंपनी याला 'लॉयल्टी' म्हणते, म्हणजे निष्ठा. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजून बक्षीस देणारी योजना काढली, तेव्हापासून हा शब्द विमानं, हॉटेलं, कॉफीची दुकानं सगळीकडे पसरला. पण माझी निष्ठा कसली? दुसरी कंपनी शंभर डॉलरने स्वस्त मिळाली तर मी तिकडे जाईन. आपल्याकडे चाळिसावी वारी करणारी आजी आणि पहिल्यांदाच आलेली मुलगी एकाच दर्शनबारीत उभ्या असतात. व्हीआयपी तिथेही वेगळ्या दाराने जातात, पण त्याला कुणी निष्ठा म्हणत नाही.

तिसरा मुद्दा: तो स्वतःच म्हणाला की पुढे हो. पण आपल्याकडे पाहुणा चहाला 'नको' म्हणतो आणि यजमान 'घ्या हो' म्हणतो, अशा दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय खरं उत्तर कळत नाही. 'तू हो पुढे' ही पहिली फेरी होती. त्यावर 'नाही रे, जाऊ सगळे बरोबर' म्हणायचं असतं. मी पहिल्याच फेरीत हो म्हणून मोकळा झालो. सभ्य माणसाने दिलेली मोकळीक ही परवानगी असतेच असं नाही.

चौथा मुद्दा सगळ्यांत भक्कम: मी थांबलो असतो तर त्याला काय मिळालं असतं? रांग तेवढीच राहिली असती. पण आपण पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायला जातो, तेव्हा गाडी काही लवकर येत नाही. तरी जातो. त्याला मराठीत 'सोबत' म्हणतात. सोबतीने वेळ कमी होत नाही, वाट पाहणं एकट्याचं राहत नाही, एवढंच.

हे सगळं मी मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "तू तिथे थांबला असतास तर त्याला अवघडल्यासारखं झालं असतं. 'बघ, तुझ्यासाठी मी माझी लाइन सोडली' असा त्याग घेऊन माणूस शेजारी उभा राहिला की नको वाटतं." हे खरं आहे. उपकाराचा वास येणारी सोबत ही सोबत नव्हेच. पण म्हणून सोबत करायचीच नाही, असंही नाही. गाजावाजा न करता करायची.

मग तिने विचारलं, "आणि बाकीचे? संदीप नसता तर त्या दोनशे लोकांच्या पुढे गेलेलं चाललं असतं का?"

याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. आधीच्या प्रवासांत मी अनोळखी माणसांच्या पुढून असाच गेलो होतो. काही टोचलं नव्हतं. रांगेत ओळखीचा चेहरा उभा राहिला, तेव्हा कुठे मला रांग दिसली.

आणि त्या चेहऱ्याची रांगेशी ओळख जुनी आहे. इथे थोडं मागे जावं लागेल.

2010 मध्ये मी न्यूजर्सीत आलो तेव्हा नेवार्क विमानतळावर मला घ्यायला संदीप आला होता. एडिसनमधल्या त्याच्या एका खोलीच्या घरात मी अडीच महिने राहिलो. कंपनी एक, प्रोजेक्ट एक. 2014 मध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने, आमचे ग्रीन कार्डचे अर्ज दाखल झाले. अर्जाच्या त्या तारखेला 'प्रायॉरिटी डेट' म्हणतात. हो, प्रायॉरिटीच. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 आणि त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांच्या वर सहसा नाहीत. देश मोजला जातो तो जन्माचा. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दहा-दहा वर्षांच्या पुढे गेली आहे.

पण कायद्यात एक बारीक दार आहे. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांचाही अर्ज त्या देशाच्या रांगेत लावता येतो. मेधाचे वडील नोकरीसाठी कुवेतला होते. तिचा जन्म तिथला. आमचा अर्ज कुवेतच्या रांगेत गेला. त्या रांगेत जवळजवळ कुणी नव्हतं. दोन वर्षांच्या आत ग्रीन कार्ड हातात आलं. 2021 मध्ये मी नागरिक झालो.

संदीपची तारीख अजून आलेली नाही.

आपल्या मंडळींत 'स्टेटस' या शब्दाचा पहिला अर्थ हाच. व्हॉट्सॲपचं नंतर, क्रूझचं तर फारच नंतर. संदीपचा व्हिसा दर तीन वर्षांनी वाढतो, पण पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर देशाबाहेर गेल्यावर परत येण्याआधी नवा घ्यावा लागतो. म्हणून त्याने इतकी वर्षं क्रूझ केली नाही. बर्म्युडाला आठवडाभर जायचं तरी परतीच्या दारात शिक्का लागतो. 2021 मध्ये त्याचे वडील सांगलीला गेले, तेव्हा शिक्क्याची अपॉइंटमेंट मिळत नव्हती. गेला असता तर इथे मनीषा, अर्णव आणि नोकरी, सगळं सोडून किती महिने अडकला असता, सांगता येत नव्हतं. त्याने वडिलांना मोबाइलवर अग्नी दिलेला पाहिला. शेवटी मागच्या हिवाळ्यात मुंबईला जाऊन शिक्का घेऊन आला आणि फोन करून म्हणाला, "चल, आता कुठेतरी जाऊ."

मी ज्या आठ क्रूझ करून पायरी चढलो, त्या सगळ्या 2016 नंतरच्या. म्हणजे माझं प्लॅटिनम कशातून आलं? पैशातून, हे खरं, पण पैसा संदीपकडेही तेवढाच होता. ते आलं माझ्या बायकोच्या जन्मदाखल्यातून. आणि त्याच्या जोरावर, ज्याने मला विमानतळावरून घरी नेलं त्याच्या पुढून मी 'वेलकम बॅक' ऐकत निघून गेलो.

बोट निघाली तेव्हा आम्ही सगळे वरच्या डेकवर होतो. हडसनवरून समुद्राकडे जाताना उजव्या हाताला एलिस आयलंड लागतं आणि पुढे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. 1892 पासून या बेटावर बोटीने येणाऱ्यांची तपासणी व्हायची. पण सगळ्यांची नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे उतारू बोटीवरच तपासले जायचे आणि बहुतेक थेट मॅनहॅटनला उतरायचे. तळाच्या वर्गातल्यांना लहान बोटींत भरून बेटावर नेत आणि तिथे ते रांगेत उभे राहत. मी हे अर्णवला सांगत होतो.

संदीप कठड्याला रेलून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे प्रायॉरिटी बोर्डिंग तेव्हाही होतंच की." सगळे हसले. मीही हसलो. तो बराच वेळ बेटाकडे पाहत राहिला.

पुढचे सहा दिवस छान गेले. फुकटची पेयं मी घेतली, संदीपलाही पाजली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. जे वाटून घेता येतं ते घ्यावं. जे मिळवायला सोबतच्या माणसाचा हात सोडावा लागतो, ते मात्र तपासून पाहावं. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवू शकलो.

परतीच्या सकाळी त्याच टर्मिनलवर पुन्हा दोन रांगा होत्या. या वेळी कंपनीच्या नाहीत, सरकारच्या. नागरिकांचा फोटो काढला की झालं, आम्ही पाच मिनिटांत बाहेर. संदीपच्या हातात पासपोर्टांबरोबर कागदांची फाइल होती आणि तो दुसरीकडे वळला. मला त्याच्यासोबत उभं राहायचं होतं, पण तशी सोय नव्हती. जाताना मला कुणी अडवलं नव्हतं आणि मी थांबलो नव्हतो. येताना थांबायचं होतं, तर परवानगी नव्हती.

आम्ही दाराबाहेर बॅगांवर बसून राहिलो. पार्किंगचे पैसे वाढत होते. ईरा कंटाळली होती. तासाभराने ते तिघं बाहेर आले. अर्णवने हवेत अंगठा उंचावला.

"अरे, थांबलात कशाला?" संदीप म्हणाला. "निघायचं ना पुढे."

"नाही रे," मी म्हटलं. "जाऊ बरोबर."

दाराबाहेर थांबणं आणि रांगेत उभं राहणं एक नव्हे, हे मला कळतं. त्या तासाची भरपाई त्या पन्नास मिनिटांना होत नाही. अर्णव एकवीस वर्षांचा व्हायच्या आत त्याच्या वडिलांची तारीख आली नाही, तर आईवडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येणार नाही. मुलगा आता सोळाचा आहे. त्यापुढे माझी टोचणी ही चैनच म्हणायची.

दर महिन्याला सरकारचं व्हिसा बुलेटिन निघतं. त्यात तारखांचा एक तक्ता असतो. नऊ वर्षांत मी तो उघडला नव्हता, माझं त्यात काही उरलेलं नव्हतं. आता उघडतो. भारताच्या रकान्यात बोट फिरवतो आणि संदीपला फोन करतो. कधी तारीख दोन आठवडे पुढे सरकलेली असते, कधी जागची हललेली नसते. तो म्हणतो, "बघितलं मी." मी म्हणतो, "मी पण."