गुपित आहे की नाही?

गुपित राखणे म्हणजे खोटे बोलणे का? ख्रिस्तिना रोझेटी (१८३०–१८९४) या इंग्रज कवयित्रीची ‘विंटर : माय सीक्रेट’ वाचताना हा प्रश्न पडतो. १८६२ च्या ‘गॉब्लिन मार्केट’ संग्रहात ती आहे. हस्तलिखितात तिचे शीर्षक होते ‘नॉन्सेन्स’, म्हणजे निव्वळ बाष्कळपणा!

कवितेतली स्त्री ऐकणाऱ्याला खेळवते. गुपित सांगणार नाही म्हणते आणि लगेच, कदाचित गुपित नसेलच, सगळी गंमतच असेल, असेही म्हणते. बाहेर बोचरी थंडी, दार उघडले की वारा आत शिरणार. म्हणून शाल, नकाब, झगा, मुखवटा हवाच. वसंतावरही तिचा भरवसा नाही. भर उन्हाळ्यात कदाचित सांगेल, किंवा तुम्हीच ओळखाल.

यात फसवणूक कुठे आहे? खोटे बोलणारा खोट्यालाच खरे म्हणून खपवतो. ही तर दार बंद आहे हे उघड सांगते. आत काय आहे, काही आहे की नाही, हे तिचे तिच्यापाशी.

आपल्या गझलेत परद्याची तक्रार आशिक करतो. परद्यामागचा माशूक बहुधा गप्पच. इथे आवाज परद्यामागूनच येतो, तोही हसरा.

१९६३ मध्ये लोना मॉस्क पॅकर यांनी तिच्या चरित्रात विल्यम बेल स्कॉट या विवाहित कवी-चित्रकाराला तिचा गुप्त प्रियकर ठरवले. आधार मुख्यतः कवितांचाच! अनेक अभ्यासकांना ते पटले नाही. पण कवितेतल्या त्या चौकस ऐकणाऱ्यात आणि अशा वाचकात फरक काय? सांगणार नाही, असे तिने हसत हसत आधीच बजावले होते.